तपासणी कोठवर?

देशातील कर्करोगाच्या नोंदणीचा जो अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात निरनिराळ्या नोंदणी-केंद्रांचे आकडे एकत्र मांडलेले आहेत. लोकसंख्येतील वयोमानाचा फरक वजा जाता, दर लाख माणसांमागे वर्षाला किती नवे रुग्ण सापडतात हे त्यावरून कळते. पुरुषांच्या तक्त्यात एका टोकाला मिझोराममधील ऐझॉल जिल्हा आहे. तेथील आकडा २६९.४. दुसऱ्या टोकाला, अगदी तळाशी, ‘उस्मानाबाद व बीड’ ही जोड-नोंदणी आहे; येथील आकडा ३९.५. स्त्रियांच्या तक्त्यातही हीच नोंदणी तळाशी असून तेथील आकडा ४९.४ आहे. जेथे निदानाच्याच सोयी तोकड्या, तेथे काही रोग नोंदीवाचून राहत असणार, हे गृहीत धरले पाहिजे. तरीही कर्करोगाने विशेष गांजलेल्या प्रदेशांत बीडची गणना करता येणार नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

आणि याच बीड जिल्ह्यात हजारो स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढली गेली. ‘पिशवी ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल’ असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे त्यांतील कित्येकींनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितले.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक कटू सत्य ध्यानात येते. वैद्यकीय उपाय किती व्हावेत हे पुष्कळदा रोगाच्या प्रमाणावर ठरत नाही; ते भीतीच्या प्रमाणावर ठरते. हे केवळ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपुरते खरे आहे असेही नाही. सुशिक्षित, पेन्शनदार, वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरांतही आज एक प्रश्न वरचेवर उभा राहू लागला आहे. कोणतीही तक्रार नसताना रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी कोणी करावी, कितीदा करावी आणि मुख्य म्हणजे ती केव्हा थांबवावी? पहिल्या दोन प्रश्नांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्यावर मात्र सर्वत्र मौन आढळते.

भीतीचा कारभार

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेऊन हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या वाटेला लागतात. पहाटेपासून फडात वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या आणि रात्री पालात परतून चूल पेटवायची, हा स्त्रियांचा दिनक्रम. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. शौचालय नाही, आडोसा नाही, पुरेसे स्वच्छ पाणी नाही. अशा स्थितीत ‘अंगावरून जाणे’, पांढरे पाणी, ओटीपोटातील दुखणे या तक्रारी वाढल्या नाहीत तरच नवल. त्यांपैकी बहुतेकींवर साधी औषधे, स्वच्छता आणि विश्रांती हा उपाय असतो. परंतु त्यांतील पहिला उपाय खर्चाचा, दुसरा अशक्य आणि तिसरा तर निषिद्धच. मग ‘पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल’ हा सल्ला पटतो आणि त्याला कर्करोगाच्या भयाची जोड मिळाली की विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत जी माहिती दिली, तीनुसार बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली होती. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सुमारे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१५-१६ साली, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. यातील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे कोणी म्हणणार नाही. काही निश्चितच आवश्यक असतील. परंतु गर्भाशयाबरोबर बीजांडेही अकाली काढली गेली, तर हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे हे पुढचे भोग त्या स्त्रीच्याच वाट्याला येतात. ते तिला आधी कोणी सांगितले होते काय, हा खरा प्रश्न आहे.

त्यानंतर खाजगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक जिल्ह्यात घालण्यात आला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बिहार, राजस्थान व छत्तीसगडमधील अशाच प्रकारांसंबंधीच्या याचिकेवर निर्णय देताना, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असा आदेश दिला. हे सारे योग्यच झाले. तथापि परवानगीचा कागद हा शेवटी कागदच असतो. रुग्णाला आकडे सांगून, पर्याय समजावून, त्याचे मत विचारण्याची सवय जोवर लागत नाही, तोवर भीतीचा कारभार एका दारातून बाहेर पडला तरी दुसऱ्या दारातून आत येणारच.

पेन्शनदाराच्या घरी

ते दुसरे दार मध्यमवर्गाचे आहे. अंबाजोगाईसारख्या गावातील एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाचे घर डोळ्यांपुढे आणावे. वय सत्त्याहत्तर. मधुमेह आणि रक्तदाब जुनेच सोबती. हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू. मुलगा पुण्याला नोकरीला. वडिलांची काळजी तो दुरून घेतो, आणि दुरून काळजी घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’चे पैसे भरणे. पाच वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत मोठ्या आतड्यात दुर्बीण टाकून पाहिले गेले, एक लहानसा कोंभ सापडला, तो काढून टाकला. तेव्हापासून घरात धास्ती बसली. ‘पुन्हा बघून घेऊ, खात्री बरी,’ असे मुलगा म्हणतो. गुरुजी गप्प असतात. मागच्या वेळची रात्र त्यांना आठवते. दिवसभर उपाशी, सायंकाळपासून औषध मिसळलेले पाणी लिटरच्या हिशेबाने प्यायचे, रात्रभर संडासाच्या फेऱ्या, पहाटे चक्कर येऊन न्हाणीघरात पडणे आणि मग वाहनातून शहरापर्यंतचा प्रवास. पण ‘नको’ म्हटले तर मुलाला वाटेल की बाबांनी जगण्याची उमेद सोडली. म्हणून ते गप्प असतात.

हे गुरुजी कल्पित आहेत. परंतु त्यांच्यासारखी घरे वाचकांच्या परिचयाची नसतील असे नाही. या घरात लबाडी कोणाचीच नाही. मुलाचे प्रेम खरे आहे, डॉक्टरांची सावधगिरीही खरी असू शकते. उणीव आहे ती एकाच गोष्टीची. या तपासणीपासून या वयात नेमका काय लाभ होणार आणि किती त्रास संभवतो, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हिशेब

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी उद्भवत नाही. आतड्याच्या अस्तरावर बारीक कोंभ येतात; त्यांतील थोडे वर्षानुवर्षे वाढत जाऊन कर्करोगात परिणत होतात. या प्रवासाला सामान्यतः दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दुर्बिणीने तो कोंभ दिसला की तेथल्या तेथेच काढून टाकता येतो, हे या तपासणीचे मोठे सामर्थ्य. पण त्याच कारणाने तिचा लाभही उशिरा पदरात पडतो. आज काढलेल्या कोंभाने जो रोग टळतो, तो आज होणार नव्हता; तो दहा वर्षांनी व्हायचा होता. आतड्याच्या कर्करोगासाठी विष्ठेतील सूक्ष्म रक्त शोधण्याचे जे मोठे प्रयोग झाले, त्यांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. एक हजार माणसांची तपासणी केली असता त्यांतील एक मृत्यू टळण्यास सुमारे १०.३ वर्षे लागतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्याच्या पुढे दहा वर्षांचे आयुष्य असण्याचा संभव कमी, त्याला या तपासणीचा भुर्दंड आज भरावा लागतो आणि लाभ मात्र बहुधा कधीच मिळत नाही.

दुर्बिणीच्या तपासणीचा युरोपातील मोठा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन येथील ५५ ते ६४ वयाच्या सुमारे ८४,५०० माणसांचा त्यात समावेश होता. ज्यांना तपासणीचे निमंत्रण दिले गेले त्यांच्यात दहा वर्षांत कर्करोग होण्याचे प्रमाण ०.९८ टक्के, तर ज्यांना दिले नाही त्यांच्यात १.२० टक्के आढळले. या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण अनुक्रमे ०.२८ आणि ०.३१ टक्के होते; हा फरक इतका अल्प की तो योगायोगाचाही असू शकेल. निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणीला आले ते निम्म्याहूनही कमी, ४२ टक्के. ज्यांनी खरोखर तपासणी करून घेतली त्यांना लाभ यापेक्षा अधिक झाला असणार, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तपासणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. ती उपयुक्त आहे, पण तिचा उपयोग मर्यादित आहे आणि तो काळावर अवलंबून आहे, हा याचा अर्थ.

तागडीच्या दुसऱ्या पारड्यात धोके आहेत. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०२१ साली जे आकडे एकत्र केले, त्यांनुसार प्राथमिक तपासणी म्हणून केलेल्या दर १०,००० दुर्बिणींमागे सुमारे ३ वेळा आतड्याला छिद्र पडते आणि सुमारे १५ वेळा मोठा रक्तस्राव होतो. तरुण, धडधाकट माणसाच्या बाबतीत हा धोका थोडा. परंतु वयाबरोबर तो वाढत जातो. शिवाय या आकड्यांत न येणारे त्रासही आहेत. पोट साफ करण्याच्या औषधाने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होणे, मधुमेही माणसाची साखर उतरणे, रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस बंद ठेवावी लागणे, रात्रीच्या अंधारात पडून हाड मोडणे. जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि संडास अंगणाच्या कोपऱ्यात असतो, तेथे या ‘तयारी’चा अर्थ शहरातील रुग्णालयाच्या छापील सूचनापत्रापेक्षा फार वेगळा असतो.

हे दोन्ही बाजूंचे हिशेब पाहूनच अमेरिकेतील त्याच तज्ज्ञमंडळाने मर्यादा आखली आहे. ४५ ते ७५ या वयात तपासणी करावी, ७६ ते ८५ या वयात सरसकट करू नये, प्रत्येकाची प्रकृती, पूर्वीच्या तपासण्या आणि त्याची स्वतःची इच्छा पाहून ठरवावे, पंच्याऐंशीनंतर थांबावे. तपासणीचा सर्वाधिक पुरस्कार करणारा, आणि हा रोग भारतापेक्षा कितीतरी अधिक असलेला देश जर ‘आता पुरे’ असे म्हणू शकतो, तर येथील घरांनी ते म्हणण्यात संकोच कसला? दुर्बिणीत काहीही आढळले नाही तर पुढची तपासणी दहा वर्षांनी, आणि एक-दोन बारीक साधे कोंभ आढळले तरी सात ते दहा वर्षांनी, असे तेथील आजचे सल्ले सांगतात. दर वर्षी किंवा दर दोन वर्षांनी ‘खात्री करून घेणे’ हे अशा साध्या प्रकरणांत शास्त्राचे सांगणे नव्हे. ते भीतीचे सांगणे आहे.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ साली तिशीपुढील स्त्रीपुरुषांसाठी जी तपासणी ठरवली गेली, तीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन जागांचे कर्करोग आहेत. मोठे आतडे नाही. या देशात त्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने सर्वांची सरसकट दुर्बीण-तपासणी करणे परवडणारेही नाही आणि युक्तही नाही. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांनी लवकर आणि नियमाने तपासणी करून घेतली पाहिजे.

मूळव्याध समजून

येथे एक धोका संभवतो. ‘तपासणी थांबवा’ हे वाक्य अर्धवट ऐकणारा माणूस असा समज करून घेईल की, वय झाले म्हणजे दुर्बीण नकोच. असा अनर्थ होता कामा नये. तक्रार नसताना केलेली चाळणी ही एक गोष्ट आणि तक्रार असताना केलेले निदान ही अगदी दुसरी. शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत आठवडेच्या आठवडे टिकणारा बदल होणे, कारणावाचून वजन घटणे, पुरुषाच्या किंवा उतारवयातील स्त्रीच्या रक्तात लोह कमी पडणे, ही लक्षणे दिसली तर वय पंचवीस असो की ऐंशी, डॉक्टरांना दाखवून शोध घेतला पाहिजे. तेथे ‘थांबण्याचे वय’ नसते. तेथे किती शोध घ्यायचा एवढेच प्रकृतीनुसार ठरते.

ग्रामीण भागात या बाबतीत होणारी हानी तपासणीच्या अतिरेकाने होत नाही, विलंबाने होते. रक्त दिसले की ‘मूळव्याध आहे’ असा निर्वाळा घरातच दिला जातो. मग कोणी झाडपाला देतो, कोणी भिंतीवरच्या जाहिरातीतील ‘हमखास’ उपचाराकडे नेतो, कोणी लाजेपोटी महिनोन्‌महिने सांगतच नाही. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण पाश्चात्त्य देशांतील रुग्णांपेक्षा पुष्कळदा वयाने लहान असतात. त्यामुळे चाळिशीतील शेतकऱ्याचे किंवा कारकुनाचे रक्त ‘उष्णतेने’ जाते असे समजून सोडून देणे हे जिवावर बेतू शकते. ज्याला लक्षणे आहेत तो दुर्बिणीपर्यंत पोहोचत नाही आणि ज्याला नाहीत त्या वृद्धाला तिसऱ्यांदा झोपवले जाते, असा हा उलटा न्याय आहे.

अधिक शोधणे म्हणजे अधिक वाचवणे, हा समज किती फसवा ठरू शकतो हे दक्षिण कोरियाने अनुभवले आहे. तेथे इतर तपासण्यांबरोबर थोड्या जादा पैशांत गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचीही सोनोग्राफी होऊ लागली. १९९३ च्या मानाने २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट झाले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ होते तेथेच राहिले. म्हणजे जे कर्करोग कधी त्रास देणारच नव्हते ते शोधून हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेकांना जन्मभर गोळी लागली. कोरियातील डॉक्टरांच्याच एका गटाने २०१४ साली याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रियांची संख्या लगेच घटली. शास्त्राने स्वतःला आवर घातल्याचे हे उदाहरण येथे अनुकरणीय आहे.

शेजारच्या जिल्ह्याचा धडा

परंतु चांगल्या तपासणीचे उदाहरण शोधण्यास कोरियापर्यंत जाण्याचे कारण नाही. ते बीडच्या शिवेपलीकडे आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन निरनिराळ्या तपासण्या. चौथ्या गटाला त्या काळची नेहमीची सेवा तेवढी मिळाली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘एचपीव्ही’ या विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झालेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या साधारण सारखीच होती. उरलेल्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत लक्षणीय घट झाल्याचे दिसले नाही. एका गटाला तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, यावर वैद्यकीय जगात पुढे तीव्र वाद झाला. तो वाद विसरता कामा नये, कारण हे ज्ञान खेड्यांतील स्त्रियांच्या प्राणांची किंमत देऊन मिळालेले आहे.

या प्रयोगाचा आणखी एक निष्कर्ष प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ज्या २४,३८० स्त्रियांत तो विषाणू आढळला नाही, त्यांपैकी पुढील आठ वर्षांत अवघ्या आठ जणींना हा कर्करोग झाला. म्हणजे योग्य वयात केलेली एक योग्य तपासणी दीर्घकाळ निश्चिंत राहण्याचा अधिकार देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आखलेल्या धोरणात म्हणूनच स्त्रीची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा अशी तपासणी व्हावी, एवढेच उद्दिष्ट ठेवले आहे. कोठे थांबायचे हे त्या तपासणीच्या आखणीतच आहे. आणि या देशातील वस्तुस्थिती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के. ऊसतोडीच्या ज्या बाईला कर्करोगाचे भय घालून गर्भाशय काढायला लावले, तिला या साध्या तपासणीने आधी निर्धास्त करता आले असते. तपासणी नाही म्हणून भय, आणि भय आहे म्हणून शस्त्रक्रिया, असा हा फेरा आहे.

विचारण्याचा अधिकार

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. तपासणी सुरू करणे हा जसा वैद्यकीय निर्णय आहे, तसाच ती थांबवणे हाही वैद्यकीय निर्णय आहे; ती उपेक्षा नव्हे किंवा हार मानणेही नव्हे. हा निर्णय रुग्णाच्या डोक्यावरून घेतला जाऊ नये. आपल्याकडे डॉक्टर मुलाशी बोलतात आणि वृद्ध बाप बाकावर बसून राहतो. मुकादम आणि नवरा बोलतात आणि बाई पदर सावरून उभी राहते. दोन्ही ठिकाणी ज्याचे शरीर त्यालाच विचारले जात नाही. फरक एवढाच, की एकीकडे दारिद्र्याने तोंड बंद केलेले असते आणि दुसरीकडे मायेने.

पंच्याहत्तरी गाठलेले सगळे लोक एका मापाने मोजता येत नाहीत. ज्याची तपासणी कधीच झालेली नाही, जो आजही सायकलवर शेतात जातो, त्याने डॉक्टरांशी बोलून एकदा तपासणी केली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. दुर्बिणीऐवजी विष्ठेच्या नमुन्याची साधी चाचणीही त्याला पुरेशी ठरू शकेल. मात्र तीत दोष निघाला तर दुर्बिणीला सामोरे जाण्याची तयारी हवी. याच वयाच्या ज्या गृहस्थाचे हृदय थकलेले आहे आणि ज्याची मागची दुर्बीण जवळजवळ निर्दोष होती, त्याला मात्र विश्रांती हेच योग्य. शिक्षक, कारकून आणि उद्या घरातील वडीलधाऱ्यांचे निर्णय ज्यांना घ्यावे लागणार आहेत ते विद्यार्थी यांनी कोणत्याही तपासणीपूर्वी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. यात काही सापडले तर त्यावर या वयात, या प्रकृतीत आपण उपचार करून घेणार आहोत काय? लाभ व्हायला किती वर्षे लागतील? आणि तपासणी केलीच नाही तर शंभरांतील किती जणांचे खरोखर बिघडते? उत्तर आकड्यांत मागावे. डॉक्टर रागावतील ही भीती बाळगू नये. जो चांगला आहे तो रागावणार नाही.

शासनाचेही कर्तव्य आहे. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्याला रुग्णालय आहे, गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. कारखान्यांची धुराडी पेटण्यापूर्वी, गावे ओस पडण्याच्या आधी, तिशीपुढील प्रत्येक ऊसतोड स्त्रीची विषाणू-तपासणी एकदा होईल आणि तिचा निकाल तिच्याच हाती पडेल, अशी व्यवस्था करणे अशक्य नाही. शौचातून रक्त जाणाऱ्या माणसाला मूळव्याधीच्या जाहिरातीआधी सरकारी दवाखान्याचे दार दिसले पाहिजे, हेही तितकेच निकडीचे आहे.

ज्या जिल्ह्याचे नाव कर्करोगाच्या तक्त्यात तळाशी आहे, त्या जिल्ह्याने कर्करोगाच्या भीतीपायी एवढी किंमत मोजावी हे लज्जास्पद आहे. रोगाला शोधणारी यंत्रे वाढत जातील, ती यावीतच. त्यांच्यासमोर झोपणाऱ्या माणसाला आधी उठवून बसवावे आणि त्याच्याशी बोलावे, एवढीच अपेक्षा आहे. कल्पनेतील त्या गुरुजींनाही कोणीतरी विचारावे, ‘तुमची इच्छा काय आहे?’ ते कदाचित म्हणतील, करून घेऊ. कदाचित म्हणतील, आता पुरे. हिशेब समजून दिलेले कोणतेही उत्तर योग्यच असेल.